आठ नंबर, काळा!

जूनचा दुसरा शनिवार. लक्ष्मी रोड. पाऊस नुकताच सुरू झालेला, आणि आम्ही दोघी, म्हणजे मी आणि माझी रूममेट, ट्रेकिंगचे बूट घ्यायला बाहेर पडलेल्या. (बूट हे निमित्त. ‘सेल’ची पाटी हे खरं कारण. असो.)

तिथलं एक जुनं चपलांचं दुकान तुम्हीही बघितलं असेल. खाली एवढीशी जागा, वर माळा, आणि माळ्याला मधोमध एक चौकोनी भोक. खाली सेल्समन एकच. गिऱ्हाइकं? मी मोजली. नऊ!

पण बाबा काय चपळ होता! माझ्या पायाकडे एक नजर टाकली, तोंड वर केलं आणि ओरडला, “पाच नंबर, ग्रे, ट्रेकिंग!” आणि लगेच माझ्याकडे पाठ. “बोला मावशी, हिलची की फ्लॅट?” मावशींची ऑर्डर वर. मग एका छोटूच्या शाळेच्या बुटांची ऑर्डर वर. तेवढ्यात वरून धप्प! खोका. त्याने तो झेलला, न विचारता माझ्यापुढे ठेवला आणि परत मावशींकडे. कुणाचा खोका कुणाला द्यायचा हे सगळं डोक्यात. नऊच्या नऊ जण खूश.

मी म्हटलं, “सॉलिड आहे ना हा माणूस!”

रूममेट भोकाकडे बघत होती. आठवडाभर तिचा चेहरा असाच होता, भोकाकडे बघितल्यासारखा. म्हणाली, “हा इव्हेंट लूप आहे. आणि मी सोमवारी याला भोकाखाली मान वर करून उभं केलं होतं.”

आता थोडी बॅकग्राउंड. रूममेट सांगलीची. इथे एका छोट्या स्टार्टअपमध्ये पायथनमध्ये कोड लिहिते. (मी मास कॉमवाली. माझ्यासाठी पायथन म्हणजे कात्रजच्या सर्पोद्यानातला अजगर.) कंपनी ट्रेक, वर्कशॉप वगैरेची बुकिंग्ज घेते. हिचं प्रोबेशन जूनअखेर संपणार होतं. घरी आईने सांगून ठेवलेलं, पक्की नोकरी नसेल तर ये परत, इथली बँक आहेच. म्हणजे टेन्शन किती ते समजून घ्या.

तर त्या सोमवारी दुपारी बाराला तोरण्याच्या ट्रेकचं बुकिंग उघडलं. बारा वाजून दोन मिनिटांनी ऑफिसातल्याच एका सज्जनांनी वर्षभराच्या हिशेबाचा रिपोर्ट मागवला. डेटाबेसला ते शोधायला चाळीस सेकंद लागायचे. आणि त्या चाळीस सेकंदांत वेबसाइट मेली. स्लो नाही हं, मेली. ज्याला नुसतं होमपेज बघायचंय त्यालाही पांढरी स्क्रीन. सज्जनांना वाटलं बटण लागलंच नाही, म्हणून त्यांनी ते आणखी तीनदा दाबलं. करा हिशेब. एकशे साठ सेकंद! बुकिंगचं बारगळलं. सरांनी “नंतर उघडू” म्हणून मेल टाकला, आणि हिने रात्री मॅगीसुद्धा अर्धी टाकली.

मला कळेना. एका माणसाचा रिपोर्ट हळू, तर बाकीच्यांनी का थांबायचं? त्या दुकानात, खोके चुकवत, मला ते कळलं.

वेबसाइट चालवायच्या दोन तऱ्हा. एक, प्रत्येक गिऱ्हाइकामागे एक सेल्समन. तो वर हाक मारतो, खोका येईपर्यंत उभा राहतो, काही बिघडत नाही, कारण त्याचं गिऱ्हाईकही एकच. पण गिऱ्हाइकं दहा हजार झाली की सेल्समनच दुकानात मावत नाहीत. १९९९ मध्ये डॅन केगल नावाच्या प्रोग्रॅमरने नेमका हाच प्रश्न मांडला, एका मशीनवर एका वेळी दहा हजार कनेक्शन्स कशी सांभाळायची? ‘सी-टेन-के प्रॉब्लेम’ म्हणतात त्याला. उत्तर म्हणून दुसरी तऱ्हा जोरात आली. सेल्समन एकच, पण थांबायचं नाही. हाक मारायची, पुढच्याकडे वळायचं, खोका पडला की मागच्या कामाला परत हात घालायचा. २००४ मध्ये लोकांसाठी आलेला एन्जिनएक्स सर्व्हर याच तत्त्वावर. आणि २००९ च्या नोव्हेंबरात बर्लिनला रायन डाल यांनी नोड-जेएस पहिल्यांदा लोकांसमोर ठेवलं, तेव्हा त्यांनी उदाहरण कशाचं घेतलं असेल? डेटाबेस क्वेरीचंच! म्हणजे एक साधी ओळ, ‘क्वेरी चालव आणि उत्तर या डब्यात ठेव’. दिसायला निरागस. पण ती ओळ पूर्ण होईपर्यंत प्रोग्रॅम काय करतो? काही नाही. उभा राहतो. त्याऐवजी ‘क्वेरी चालव, आणि उत्तर आलं की हे कर’ असं लिहा, हा त्यांचा मुद्दा.

हे ‘उत्तर आलं की हे कर’ म्हणजे कॉलबॅक. पुढे कॉलबॅकच्या पोटात कॉलबॅक, त्याच्या पोटात आणखी एक असा गुंता झाला, आणि पोरांना रात्री झोप लागेना. मग ‘एसिंक-अवेट’ आलं. पायथनमध्ये २०१५ ला, ३.५ व्हर्जनमध्ये. कोड वरून खाली सरळ वाचता येतो, आणि जिथे ‘अवेट’ लिहिलंय तिथे प्रोग्रॅम म्हणतो, मी इथे थांबतो, बाकीच्यांनी आपापली कामं उरका.

“मग तू अवेट लिहिलं नव्हतंस?” मी विचारलं.

“लिहिलं होतं गं! फंक्शनच्या डोक्यावर एसिंकही होतं. पण आतला ड्रायव्हर जुना होता.”

लोच्या इथे होता. डेटाबेसशी बोलणारी जी लायब्ररी असते, तिला ड्रायव्हर म्हणतात. हिने वापरलेली सायकोपीजी-टू जुनी, भरवशाची, पण आपल्याला हाक मारून भोकाखाली उभं करणारी. बाहेर एसिंकची पाटी लावली म्हणून आतला माणूस बदलत नाही. एका सेल्समनचं दुकान, आणि तोच मान वर करून चाळीस सेकंद उभा. मागे नऊ गिऱ्हाइकं. झालं!

मग उपाय? तिने शनिवार ते सोमवार जे केलं ते मी शेजारी बसून बघितलं (आणि चहा केला, चार वेळा). सरळ रस्ता म्हणजे ड्रायव्हर बदलायचा. पोस्टग्रेसशी एसिंक बोलणारे ड्रायव्हर आहेत, एसिंकपीजी आहे, सायकोपीजीचीच तिसरी आवृत्ती आहे. हे आत करतात काय, तर क्वेरी डेटाबेसकडे पाठवून देतात आणि ऑपरेटिंग सिस्टिमला सांगून ठेवतात, या सॉकेटवर काही आलं की मला उठव. बस. पोस्टग्रेसच्या स्वतःच्या सी लायब्ररीत तर ही सोय फार आधीपासून आहे. क्वेरी पाठवण्याचं फंक्शन वेगळं, ‘अजून बिझी आहेस का’ विचारण्याचं वेगळं, उत्तर उचलण्याचं वेगळं. माळ्यावरून खोका पडण्याचा धप्प आवाज, तोच हा प्रकार.

ड्रायव्हर बदलता येत नसेल तर चार पोरं हाताशी ठेवायची, म्हणजे थ्रेड पूल. थांबायचं काम त्यांच्या गळ्यात. ती उभी राहतील भोकाखाली, मुख्य सेल्समन मोकळा. ट्विस्टेड नावाच्या पायथनच्या जुन्या फ्रेमवर्कमध्ये डेटाबेससाठी हेच करत. पायथनमध्ये आता एका ओळीत होतं. चाळीस सेकंदवाल्या रिपोर्टला तर तिने वेबसाइटमधूनच हाकललं. तो आता वेगळ्या प्रोसेसमध्ये चालतो आणि सज्जनांना मेलने जातो. शांततेत.

इथे एक गंमत सांगते. टॉर्नेडो हे असंच इव्हेंटवर चालणारं वेब फ्रेमवर्क, फ्रेंडफीड कंपनीत बनलेलं. २००९ मध्ये फेसबुकने फ्रेंडफीड घेतली आणि टॉर्नेडो सगळ्यांसाठी खुलं केलं. आणि त्या मंडळींनी स्वतः डेटाबेसच्या क्वेरीज चक्क थांबूनच चालवल्या होत्या! त्यांचं म्हणणं साधारण असं, की क्वेरी दोनचार मिलिसेकंदांत येत असेल तर थांबलात म्हणून काय बिघडलं? आणि ती एवढी हळू असेल की मागे लाइन लागते, तर मग तुमच्या डेटाबेसलाच तो भार झेपत नाहीये. एसिंक करून काय होणार? हळू गोष्ट वेगळ्या सर्व्हिसमध्ये काढा. मला हे जाम पटलं. रूममेटला अर्धंच पटलं, पण त्या रात्री तिने रिपोर्टची क्वेरी उघडून बघितली. तारखेच्या कॉलमवर इंडेक्सच नव्हता. तो टाकल्यावर चाळीसचे तीन सेकंद झाले. म्हणजे बघा, माळ्यावरच्या मामांना खोके नंबरवार लावून दिले असते तर अर्धं रामायण घडलंच नसतं!

हां, एसिंकने फायदा होतो तो असा. ट्रेकच्या पानाला तीन गोष्टी लागतात. ट्रेकची माहिती, फोटो, लोकांचे रिव्ह्यू. एकाला २०० मिलिसेकंद, दुसऱ्याला ३००, तिसऱ्याला १५०. एकामागून एक मागवल्या तर ६५०. तिन्ही हाका एकदम मारल्या तर ३००, सगळ्यात हळू जी तेवढाच वेळ. फुकटात पान दुप्पट फास्ट.

फुकटात? नाही हो. माळ्यावर मामाही तीन लागतात ना! पोस्टग्रेसच्या एका कनेक्शनवर एका वेळी एकच क्वेरी चालते. (आताशा पाइपलाइनची सोय आहे, पण तीतही क्वेरीज एकामागून एकच चालतात.) हिने पहिल्या उत्साहात एकाच कनेक्शनवर तीन हाका मारल्या, तर एसिंकपीजीने खाडकन सांगितलं, आधीचं काम चालू आहे. मग तिने प्रत्येक हाकेला नवं कनेक्शन उघडायला सुरुवात केली आणि लॅपटॉपवर हजार खोटी गिऱ्हाइकं सोडली. पोस्टग्रेस प्रत्येक कनेक्शनला एक स्वतंत्र प्रोसेस देतं, आणि आपण काही बदललं नाही तर जास्तीत जास्त शंभर. एकशेएकावा मामा माळ्यावर चढायला गेला की, सॉरी, आधीच गर्दी आहे. एररच तशी येते.

आधी सेल्समनच थांबत होता, त्यामुळे माळ्यावर गर्दी व्हायची शक्यताच नव्हती. तो पळायला लागला आणि गर्दी वर सरकली. म्हणून कनेक्शन पूल. दहा मामा नेमायचे. अकराव्या हाकेने खाली लाइनीत थांबायचं, आणि फार वेळ लागला तर स्पष्ट ‘नंतर या’ सांगायचं. गिऱ्हाईक कंटाळून गेलं तरी मामा त्याचा खोका शोधतच राहतात, म्हणून क्वेरीलाही टाइमआउट. हे सगळं तिने रविवारी रात्री तीनपर्यंत केलं. एके ठिकाणी अवेट लिहायचं विसरली होती. म्हणजे तोंड उघडलं, पण हाक मारलीच नाही. पायथनने वॉर्निंग दिली म्हणून वाचली.

सोमवारी बाराला बुकिंग परत उघडलं. मी माझं काम सोडून तिच्या मेसेजची वाट बघत बसले. (माझा तर अख्खा धंदाच एसिंक आहे. लेख पाठवायचा, पुढच्या लेखाला लागायचं, आणि मानधनाचा खोका कधीतरी वरून पडेल या आशेवर जगायचं. त्यात काही खोके आठ-आठ महिने पडत नाहीत. नावं घेत नाही.) बारा वाजून सहा मिनिटांनी मेसेज आला. ‘चाळीसच्या चाळीस फुल्ल. साइट मख्खन.’ त्यात दोन सीट्स आमच्या. ऑफिसात सामोसे आले. सरांनी स्वतः हिच्या डेस्कपाशी येऊन शाबासकी दिली.

आता परत चपलांच्या दुकानात चला. मघाशी एक प्रसंग मी गाळला.

आमचं बिल होत असताना एका कॉलेजकुमाराने आठ नंबरचे काळे फॉर्मल मागितले. सेल्समन ओरडला, “आठ नंबर, काळा, आहे का?” वरून आवाज, “आहे, एकच!” सेल्समन म्हणाला, “आहे हं दादा, बसा.” आणि सवयीने पुढच्याकडे वळला. पुढचे एक काका. त्यांनाही आठ नंबर काळाच हवा. ‘एकच आहे’ हे त्यांनीही ऐकलेलं. सेल्समन घाईत म्हणाला, “आहे ना साहेब.” धप्प. खोका एक, हात दोन. काका म्हणे मी आधी बोललो, कुमार म्हणे मी. आम्ही दोघी तोंड दाबून हसत बाहेर पडलो.

पुढच्या रविवारी पहाटे साडेपाचला स्वारगेट. भुरभुर पाऊस. चाळीस सीटची बस, आणि ट्रेक लीडर तिसऱ्यांदा माणसं मोजत होता. त्रेचाळीस! तीन जण जास्त, आणि तिघांच्याही मोबाइलवर कन्फर्म्ड तिकीट, पैसे भरलेले. एक मुलगी तर रात्रीच्या गाडीने सोलापूरहून आलेली. ती काही बोलत नव्हती, नुसती तिकिटाकडे बघत होती.

रूममेटचा चेहरा पांढरा पडला. माझ्याकडे वळून एवढंच म्हणाली, “आठ नंबर, काळा.”

झालं होतं असं. तिचा कोड आधी विचारायचा, किती सीट्स उरल्या? उत्तर आलं की बुकिंग लिहायचं आणि सीट एकने कमी करून ठेवायची. जुन्या कोडमध्ये सर्व्हरवर एकच प्रोसेस, आणि ती थांबून थांबून चालायची. त्यामुळे विचारणं आणि लिहिणं यांच्या मध्ये दुसरं कुणी घुसूच शकत नव्हतं. चूक तेव्हाही होती, पण झाकलेली. एसिंक केल्यावर मधल्या ‘अवेट’च्या फटीत बाकीचे आत आले. शेवटच्या सीटच्या वेळी चार जणांनी विचारलं, चौघांनाही ‘एक उरलीय’ उत्तर मिळालं, आणि चौघांनीही ‘आता शून्य’ असं लिहून टाकलं. स्क्रीनवर बरोब्बर शून्य. कुणाला शंका येणार? आणि लीडरकडे गेलेली यादी कुणी मोजली नाही.

लीडर म्हणाला, ऑफिसला फोन लावतो. रूममेट म्हणाली, “थांब, आधी मी खाली उतरते.” आणि सॅक घेऊन उतरलीच. सोलापूरची मुलगी तिच्या जागी बसली. मग माझ्याकडे कुणी बघितलं नाही, हे खरं, पण बसून राहणं जमेना. मीही उतरले. तिसऱ्या मुलाला ड्रायव्हरने केबिनमध्ये घेतलं. सहाला बस गेली.

समोरच्या टपरीवर चहा आणि पोहे सांगून तिने लॅपटॉप काढला. उपाय एका ओळीचा निघाला. ‘आहे का’ असं विचारायचंच नाही. ‘असेल तर एक काढ आणि दे’ असं एकाच वाक्यात सांगायचं. सीट्स एकने कमी कर, पण शून्यापेक्षा जास्त असतील तरच. मग डेटाबेस ती रांग स्वतः धरतो. दुसरा आला तर त्याला थांबवतो, पहिल्याचं झालं की आकडा परत तपासतो. किती ओळी बदलल्या ते डेटाबेस सांगतो, एक म्हणजे सीट मिळाली, शून्य म्हणजे नाही. आणि सीट काढणं व बुकिंग लिहिणं या दोन गोष्टी एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये, म्हणजे एकाच कनेक्शनवर. डावा बूट एका मामांकडून आणि उजवा दुसऱ्यांकडून मागवायचा नाही.

“ही ओळ आधी का नाही सुचली गं?” मी विचारलं. विचारायला नको होतं. ती पोहे बाजूला सारून टाइप करत राहिली.

सोमवारी कुणी विचारायच्या आत तिने स्वतः सरांना सगळं सांगितलं. सर म्हणे बराच वेळ काही बोलले नाहीत. प्रोबेशन एक महिना वाढलं. सांगलीला तिने ते कळवलंच नाही, मी फोनवर काकूंशी हवापाण्याचं बोलून वेळ मारून नेली. जुलैअखेर पत्र आलं, कन्फर्म्ड. त्या दिवशी मॅगी पूर्ण संपली.

तोरणा अजून बाकी आहे. पाच नंबर ग्रे सध्या मी घरातच घालून फिरते, चावतात थोडे.